बोरिवलीला फोन

डॉक्टरांनी पट्टी सोडायला घेतली तशी वनमालाबाईंनी सवयीने पदर नाकाला लावला. पण वास आलाच नाही. त्यांच्या नवऱ्याच्या, धोंडूंच्या, पायाच्या तळव्यावर पाच महिने भोक होतं, तिथे आता गुलाबी कातडी धरली होती.

"भरली जखम," डॉक्टर म्हणाले. "पाय वाचला."

धोंडू घाटकोपरच्या एका सोसायटीत वॉचमन होते. साखरेचा आजार, त्यात तळव्यात खिळा घुसला. बधिर पायाला ते कळलंही नाही. मग पू झाला. एकामागून एक अँटिबायोटिक हरलं. शेवटी मुलुंडच्या या इस्पितळात नव्या पट्टीची चाचणी चालू होती, तीत दोघांनी जीव मुठीत धरून नाव घातलं.

पट्टी गंधालीने तयार केली होती. ही प्रयोगशाळेतली मुलगी दर आठवड्याला जखम बघायला यायची. पट्टीत अँटिबायोटिक नव्हतंच. तिच्या धाग्यांवर असा लेप होता, की जंतू टेकला की फुटून मरायचा.

वनमालाबाई उठल्या आणि सरळ गंधालीच्या पायाशी वाकल्या.

"अहो मावशी, काय करताय!" गंधालीने त्यांना खांद्याला धरून उठवलं. "आभार मानायचेच तर बोरिवलीच्या पद्मजाताईंचे माना. त्यांच्या जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. ते त्यांनी आम्हाला तपासणीसाठी दिले. त्या जंतूंपुढे आमची सात कापडं फुकट गेली. हे आठवं. कुणाचा पाय वाचला की मला कळव, असं त्यांनी बजावून ठेवलंय. आज पहिल्यांदाच कळवायचंय."

तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन वनमालाबाईंपुढे धरला. त्यांच्या तोंडातून आपसूक गावची बोली आली.

"बाय माझे, माझ्या घोवाचो पाय वाचलो गो!"



"चालतात का ते?" पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "फोन जरा खाली धर ना. मला पावलं ऐकू दे."

डॉक्टरांनी मान डोलावली. गंधालीने फोन फरशीजवळ नेला. मऊ तळाच्या नव्या चपला घालून धोंडू उभे राहिले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत गेले आणि परत आले. फट्, फट्, फट्.

वनमालाबाईंनी डोळे पुसले. "ताई, तुमचा पाय कसा आहे आता?"

"माझा तेव्हाच कापावा लागला गं," पद्मजाताई म्हणाल्या. "पण आज फार बरं वाटलं बघ. त्यांना म्हणावं, दमला नसाल तर अजून एक फेरी मारा."