कुलदीपचा गिलास

ज्योत्स्नाने गिलास नाकाशी धरून दोनदा हुंगला. कसलाच वास नाही. तेच तर तिला खटकत होतं.

वडशातल्या भाड्याच्या खोलीमागे, मोरीपाशी, नाटक कंपनीचे रात्रीचे गिलास तिच्यापुढे मांडलेले होते. चहाच्या गिलासांच्या तळाला साय चिकटून बसलेली. वारलूभाऊ जमीनदार होऊन ज्यातून नाटकातली दारू पितात, त्या गिलासाला कोऱ्या चहाचं काळपट कडं. आणि तिच्या नवऱ्याचा, कुलदीपचा, म्हणजे नाटकातल्या बेवड्याचा गिलास मात्र लख्ख. बारा प्रयोग झाले, बाराही सकाळी हे असंच. त्याची बाटलीसुद्धा कोरडी ठणठणीत.

घरी जेवल्या ताटात हात धुऊन उठणारा माणूस इथे स्वतःचा गिलास धुतो? ज्योत्स्ना काही दुधखुळी नव्हती.

दीड वर्षापूर्वी कुलदीपने लेकीच्या, साक्षीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणतात, पण ती आजवर कुणाला आडवी आली? ज्योत्स्नाने तेव्हाच बजावलं होतं, एक घोट जरी घेतला तरी लेकीला घेऊन मूल गावाला माहेरी जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्याने सोडली खरी. फक्त नखरे वाढले. घरात दूध संपलं तर चहाच नको म्हणायचा, कोरा चहा पुढे केला की कप मागे सरकवायचा. नटाचे लाड म्हणून ती सोडून द्यायची. यंदा मात्र भांडी धुण्याचं काम मागून घेऊन ती लेकीसकट कंपनीबरोबर आली होती. राखणीला.

शेवटी तिने विचारलंच. "गिलास तुमी धुऊन ठेवता का?"

"मी काऊन धुईन?" तोंडाला उरलेला रात्रीचा रंग पुसता पुसता कुलदीप म्हणाला. "कोरा चहाच तं असते. लागत नसन काचेले."

"वारलूभाऊच्या गिलासाले लागते."

"त्याचा चहा कडक असते." आणि तो उठून बाहेर गेला. नजरेला नजर काही दिली नाही.

कपडेपट सांभाळणाऱ्या खुर्शीदाबाईंनी शिलाई मशीन थांबवून आगीत तेल ओतलं. "हे तपकिरी गिलास यंदा कोनं मांगवले, मालूम हाय तुले? तुह्याच नवऱ्यानं. आंधी साधे होते, आत का हाय ते दिसत होतं. आन् बाटली बी तो दुसऱ्या कोनाले भरू देत नाई." त्यांनी दाताने दोरा तोडला. "तूच पाय बाई. मी का बोलू."

ज्योत्स्नाला रडू आलं नाही, राग आला; लेकीच्या डोक्यावर ठेवलेला तो हात आठवून आला. दुपारी तिने साक्षीचे कपडे पिशवीत भरले. पण पुराव्यावाचून भांडायचं नव्हतं.

तिने चिमूटभर हळद कालवली, कुलदीपच्या गिलासाच्या आत तळाशी बोट दाबून ठिपका उठवला आणि उन्हात वाळू दिला. त्या गडद काचेत तो कुणाला दिसणार नव्हता. खरंच चहा ओतला तर हळद ओघळून तळाला गाळ राहील. पिऊन धुतला, तर ठिपक्याचं नाव उरणार नाही. ठिपका गेला, की मूलची पहिली बस.

प्रयोगाला ती विंगेत उभी राहून मोजत होती. कुलदीपने बाटलीतून पाच वेळा ओतलं. पाचही वेळा गिलास तोंडाला लावून रिता केला. घशाची घाटी खालीवर होत होती. पाचव्या वेळी तर त्याचे डोळे खरोखर पाणावले, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. इतकं खरं सोंग कुणाला जमतं, ज्योत्स्ना मनात म्हणाली.

सकाळी ती पिशवी खांद्याला लावूनच मोरीपाशी आली. एका हाताला साक्षी होती. दुसऱ्या हाताने तिने त्याचा गिलास उचलला. रोजच्यासारखा लख्ख. मग तिने तो उन्हाकडे धरला.

तळाशी हळदीचा ठिपका होता. कोरडा, पिवळाधमक, तिच्या बोटाच्या रेषांसकट. पाच वेळा रिता झालेल्या त्या गिलासात थेंबभरही काही पडलं नव्हतं, दारूच्या रंगाचा कोरा चहासुद्धा नाही.