पहिला मालक

आमच्या गल्लीतल्या मोटारशेठनं वडिलांची जुनी आलिशान गाडी अशी जपली होती, की डिक्कीत जाळं विणणाऱ्या कोळ्यालाही "मूळचा आहे, राहू दे" म्हणून अभय होतं. म्हातारे वडील मात्र सारखे विनवायचे, "अरे, एकदा तरी बसू दे की माझ्या गाडीत!" त्यावर हा खेकसायचा, "बाबा, सीटच्या चामड्याला सुरकुत्या पडतील. किंमत उतरेल!"

परवा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक घरी आले. त्यांनी भिंग लावून बोल्ट अन् बोल्ट पाहिला, रंगाचा वाससुद्धा घेतला आणि म्हणाले, "सगळं अस्सल आहे. त्यात पहिला मालक स्वतः सीटवर बसून आला, तर पहिलं बक्षीस तुमचंच."

मोटारशेठ धावतच वडिलांच्या खोलीत शिरला. "बाबा, चला, उठा! गाडीत बसायचंय ना तुम्हाला?" आवाजात इतका मध, की मुंग्या लागाव्यात.

म्हातारा पलंगावरून हललासुद्धा नाही.



"नको रे बाळा. माझे दोन्ही गुडघे बदललेत, दात तर सगळेच नवे. उगाच तुझे मार्क कापतील."