मोठ्या दुकानातली धार

नवऱ्याच्या माघारी वहिनींनी त्याचं धार लावायचं दुकान सुरूच ठेवलं. कानस घेऊन त्या चेनसॉच्या साखळीचा एकेक दाता घासत बसायच्या. लाकूडतोडीचे ठेके घेणारा दीर मात्र नाक मुरडायचा. "बायकांनी फार तर कात्र्या-सुऱ्यांना धार लावावी," म्हणत तो आपल्या साखळ्या शहरातल्या मोठ्या दुकानात टाकून यायचा.

आज तर तिथून आणलेली साखळी मिरवत तो मुद्दाम वहिनींच्या दारात आला. "बोट लावून बघा, वहिनी. याला म्हणतात पुरुषाचा हात!"

वहिनींनी आतून एक जड पिशवी आणून त्याच्या हातात दिली.


"भाऊजी, तुमची साखळी घाईची होती म्हणून तिला आधी धार लावून पाठवली. ह्या त्याच दुकानाच्या बाकीच्या, परत जाल तेव्हा तेवढ्या पोचवा."