बिनसाखरेची

मधुमेहाने बाबांच्या पायाचा अंगठा गेला, तेव्हा मी कैरोहून साखरेऐवजी घालायच्या भुकटीचा डबा आणला. बाबांनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ‘शुगर अल्कोहोल’ या शब्दांवर बोट ठेवलं.

“साठ वर्षांत थेंबाला शिवलो नाही, रबाब. आता चहातून पाजतेस होय?”

“बाबा, नुसतं नाव तसं आहे, त्यात दारू नसते. नाहीतर मग चहा-कॉफी बिनसाखरेची प्या.”

“बिनसाखरेची कॉफी मयताच्या घरी देतात, पोरी. आपल्याकडे कोण मेलंय?” असं म्हणून त्यांनी हसत हसत चहात चौथा चमचा साखर घातली.



काल बाबांना माती देऊन सगळे घरी आले, आणि मी कॉफी करायला ठेवली.