तीर्थाची पळी

अन्नपूर्णाबाईंनी तुपाचं भांडं उचललं आणि जावयानं दोन्ही हात ताटावर पालथे घातले.

धोंड्याचा महिना. लेक-जावई मानानं जेवायला आलेले, पाटाभोवती रांगोळी, ताटात वाफाळती पुरणपोळी, आणि तिच्यावर तुपाचा टिपूस नाही! अन्नपूर्णाबाईंनी इतके दिवस साय जमवली होती ती काय मांजरासाठी?

"नको मामी. कोलेस्टेरॉल वाढलं," हरिओम म्हणाला. "तेल-तूप सारं बंद केलं मी."

"सारं?"

"डॉक्टरनं कमी कर म्हणलं व माय, बंद कर नाही," संजीवनी फणकारली. "थोडं तं लागतेच म्हणे अंगाले. पण यायले कोन सांगन? भाजी बी नुसती पान्यात शिजवा लागते."

हरिओमनं कोरड्या पोळीचा घास तोंडात टाकला. तो घशातच बसला. ठसका, पाणी, पुन्हा ठसका. अन्नपूर्णाबाई त्याचे फुटलेले ओठ बघत राहिल्या. पोरगं पार सुकून गेलं होतं. त्यांना भरूनच आलं.

या घरात सासूनं तूप वाढायचं, जावयानं 'पुरे' म्हणायचं आणि सासूनं ते ऐकायचं नाही. दर 'पुरे'ला आणखी एक पळी, अशी रीतच होती. मागच्या धोंड्याला हरिओमच्या ताटातलं तूप ओघळून पाटावर आलं होतं, आणि त्याचं कौतुक अख्ख्या आळीनं केलं होतं. आता वाढावं तर त्याच्या जिवाला घोर, न वाढावं तर जावई आपल्या दारातून अर्धपोटी उठणार.

"टाक व एक पळी," समोरच्या पाटावरून रंगराव म्हणाले. "एका पळीनं काय होते?"

वाढायची पळी म्हणजे अर्धी वाटी. नवऱ्याचं काय जात होतं बोलायला!

अन्नपूर्णाबाईंनी ती पळी बाजूला ठेवली आणि उठून देवघरात गेल्या. येताना तीर्थ द्यायची तांब्याची इवलीशी पळी धुऊन-पुसून घेऊन आल्या.

"हात काढा, जावईबापू."

हरिओमनं पळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हळूच हात काढले. पोळीवर सुतासारखी धार पडली.

"पुरे, मामी."

"असं कसं पुरे? धोंडा हाय."

दुसरी पळी पडली.

"पुरे, पुरे!" आता तो हसायला लागला होता.

"माह्यी आन हाय तुमाले!"

आग्रह अगदी रीतीप्रमाणे झाला. सगळं मिळून दोन चमचे तरी तूप झालं असेल की नाही, कोण जाणे. पण पोळी चकाकली. हरिओमनं मोठा घास मोडला, डोळे मिटून खाल्ला आणि दुसरी पोळी मागितली. अन्नपूर्णाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. लेक गालात हसत होती.

रंगरावांनी आपलं ताट पुढे सरकवलं. त्याच पळीतून चार थेंब पोळीवर पडले.

"माह्याले काऊन हे?"

"तपासून आले का तुमी कधी?"

रंगराव म्हणजे जन्मात कधी तुपाला नाही न म्हटलेला माणूस. त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं, मग दोन्ही हात ताटावर पालथे घातले आणि घाईघाईनं म्हणाले, "पुरे, पुरे, पुरे, पुरे, पुरे!"