टर्बो बसवल्यावर

डायलिसिसहून परतताना घाटातलं नेहमीचं वळण आलं, तशी अण्णांनी सवयीनं पाण्याची बाटली हातात घेतली. दरवेळी इथे मुलाची छोटी गाडी चढानं तापायची. ती निवेपर्यंत अण्णा कठड्यावर बसून दरी बघायचे आणि हॉस्पिटलच्या बाकावर आंबलेला तो चरफडत बसायचा. वैतागून शेवटी त्यानं गाडीला टर्बो बसवून घेतला. "एवढ्याशा इंजिनाला कशाला? आणखी तापेल," मेकॅनिकनं बजावलंही होतं.

आज मात्र गाडी सुसाट चढली. अण्णा मान वळवून मागे पडणाऱ्या कठड्याकडे बघत राहिले.

"बरी पळते आता," म्हणाले आणि बाटली खाली ठेवली.

तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. तरी पुढच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं.

"तापली वाटतं, अण्णा."

"निवू दे सावकाश." अण्णा केव्हाच कठड्याकडे निघाले होते.