भोक कुठे होतं?

"भोक कुठे होतं?" बाईंनी विचारलं.

भिंग डोळ्याला लावून त्यांनी कापड दोनदा उलटंसुलटं केलं होतं. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीला हसू आवरेना. तिच्या वडिलांचं रफूचं दुकान होतं, आणि त्या धंद्यात या प्रश्नाहून मोठी शाबासकी नव्हती. जुनी वस्त्रं दुरुस्त करून जपायची कशी, ते शिकायला ती परदेशातल्या या शहरात आली, त्याला तीन आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत 'सॉरी' आणि 'थँक यू' यापलीकडे वर्गात तिचं तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र सगळे तिच्या टेबलाभोवती जमले होते. शेजारचा उंच मुलगा, ज्याला ती मनातल्या मनात शिडी म्हणायची, तोसुद्धा कमरेत वाकून बघत होता.

तिने अडखळत सांगितलं, उजव्या कोपऱ्याजवळ, नाण्याएवढं. बाईंनी पुन्हा भिंग लावलं, हार मानल्यासारखी मान हलवली, आणि अगदी मायेने म्हणाल्या की आता हे उसवून टाक.

मग त्यांनी सावकाश समजावलं. कापड सरावासाठी दिलेलं असलं, तरी दीडशे वर्षांचं होतं. लांबून बघणाऱ्याला भोक खुपू नये हे खरं. पण कुणी जवळ येऊन पाहिलं, तर विणकराचे धागे कुठे संपले आणि तुझे कुठे सुरू झाले, ते त्याला कळायला हवं. शुक्रवारी पुन्हा बघीन, म्हणाल्या. ज्यांना जमेल त्यांना संग्रहालयातली खरी वस्त्रं हाताळायला मिळणार होती. बाकीच्यांनी सत्र संपेपर्यंत तळघरात बसून नोंदी करायच्या. नोंदीच करायच्या तर घरदार सोडून इतक्या लांब कशाला यायचं, असं तिच्या मनात आलं.

मंगळवार अख्खा धागे काढण्यात गेला. बुधवारी तिने फिका धागा घेऊन सुरुवात केली. तासाभराने पाहते तर पहिल्या दोन ओळी फिक्या आणि पुढच्या साऱ्या जुळणाऱ्या. हाताने परस्पर रीळ बदललं होतं. लहानपणी तिचा टाका दिसला की बाबा रागवत नसत, नुसती कात्री पुढे करत. ती कात्री अजून बोटांत भिनलेली होती. तिने तेही उसवलं. गुरुवारी दुपारी मात्र धीर सुटला आणि तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग बाबांचा कान, मग बाबा. तिकडे दुकान आवरायची वेळ झाली होती. कोट न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी स्टुलावर बसवून ठेवलं. ती सांगत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे इतकी वर्षं मी शिकवलं ते तिकडे चूक ठरलं."

"चूक नाही हो, बाबा. बाई भिंग लावूनही हरल्या."

"मग उसवायला का लावतात? ठिगळं लावायला आपल्या गल्लीतही शिकली असतीस. त्यासाठी विमानात कशाला बसलीस?"

गिऱ्हाईक हसलं. ती हसली नाही. तिने सांगितलं की ते कापड कुणी विणलं हे कुणालाच ठाऊक नाही. त्या माणसाचं म्हणून जे काही उरलंय ते एवढंच, त्याची वीण. तिने तिथे बेमालूम धागे भरले तर त्याचं काम कुठलं, हे पुढे कधीच कुणाला कळणार नाही. आणि तिचं कुठलं, तेही नाही.

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत चढवला.

"दोन छटा फिका घे," ते म्हणाले. "एकच छटा फिका घेतलास तर तुझा हात लबाडी करेल. जुळणारं रीळ टेबलावर ठेवूच नकोस. आणि दिसणारच आहे म्हणून टाका कसाही घालू नकोस. दिसायचं तर नीट दिसू दे."

शुक्रवारी बाईंनी कापड हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं. भिंगाची गरज पडली नाही. कोपऱ्याजवळ नाण्याएवढी जागा किंचित फिकी होती, उभे-आडवे धागे एकसारखे. मागच्या कपाटातली एक चपटी पेटी आणून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवली आणि हात धुऊन ये म्हणाल्या. पेटीला जागा व्हावी म्हणून शिडीने आपलं सामान सरकवून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने घाईघाईने फोन लावला. बातमी ऐकून बाबांनी आधी फोटो पाठव म्हणून सांगितलं. तो आल्यावर मोठा करून बघितला. तिसरी ओळ जरा ताणलीस, एवढंच म्हणाले. मग खुंटीवरची एक शाल उतरवून त्यांनी फोनपुढे पसरली. कुणीतरी ती उद्या न्यायला येणार होतं. तिने फोन नाकाला लावला, तरी शालीत काही वेगळं दिसेना.

बाबांनी दाराकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी शालीच्या काठाशी बोट टेकवलं आणि हळूच पुढे सरकवत नेलं.

"इथून," ते म्हणाले, "इथपर्यंत मी आहे."